शासकीय कर्मचारी आणि कॅसिनो: नियमात शब्द नाही, म्हणून मोकळीक आहे का?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका राज्य शासकीय कार्यालयात लेखा शाखेत काम करणाऱ्या वरिष्ठ लिपिकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शनिवार-रविवारची सुटी पाहून ते मित्रांबरोबर पणजीला गेले आणि मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर त्यांनी रात्र घालवली. एका मित्राने समाजमाध्यमावर टाकलेले छायाचित्र कार्यालयप्रमुखांपर्यंत पोहोचले आणि आता ‘शासकीय कर्मचाऱ्यास न शोभणारे वर्तन केल्याबद्दल शिस्तभंगविषयक कारवाई का करण्यात येऊ नये’ असे ज्ञापन त्यांच्या हाती पडले आहे. खुलाशासाठी सात दिवस आहेत. शासकीय कर्मचाऱ्याने कॅसिनोत जाऊ नये असा नियम खरोखर आहे का आणि खुलाशात काय लिहावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या सेवेची बरीच वर्षे विभागीय चौकशीच्या कामात गेली. आधी खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी, नंतर चौकशी अधिकारी आणि निवृत्तीनंतर कर्मचाऱ्याची बाजू मांडणारा बचाव सहायक अशा तिन्ही बाजूंनी मी ही प्रकरणे पाहिली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांत कॅसिनोत जाण्यास मनाई करणारा स्वतंत्र नियम नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांना लागू असणाऱ्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यांतही तो नाही. मादक पेयांबाबत दोन्हीकडे स्पष्ट नियम आहे, शेअर आणि गुंतवणुकीतील सट्ट्याबाबत आहे, कर्जबाजारीपणाबाबत आहे. कायदेशीर परवाना असलेल्या कॅसिनोत खेळण्याबाबत मात्र नाही. आपण जिल्हा परिषदेचे कर्मचारी असता तर आपल्याला 1967 चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू झाले असते, त्यामुळे ज्ञापनात कोणत्या नियमांचा उल्लेख आहे हे आधी तपासून पाहावे. चुकीचे नियम लावून काढलेली ज्ञापने मी अनेक पाहिली आहेत.

नियमकर्त्यांनी हा विषय का सोडला असावा, याचे एक कारण उघड आहे. 1979 मध्ये नियम लिहिले गेले तेव्हा महाराष्ट्रातला जुगार म्हणजे बेकायदा जुगार, हे गृहीत होते. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू होताच. जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेला कर्मचारी त्या कायद्याखाली आरोपी होई आणि खात्याला वेगळ्या नियमाची गरज भासत नसे. राज्याने 1976 मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यांसाठी एक अधिनियम केला होता खरा, पण तो कधीच अंमलात आणला गेला नाही आणि जवळजवळ अर्धशतकानंतर, 2023 मध्ये, तो रद्द करण्याचे पाऊल शासनाने उचलले. म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत कायदेशीर कॅसिनो हा प्रकार कधी अस्तित्वातच आला नाही.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे, आणि आपला प्रश्न नेमका या दोन राज्यांच्या सीमेवर उभा आहे. गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदाही 1976 चाच; पण त्यात 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरच्या खेळांना आणि पुढे 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या खेळांना वाट करून देण्यात आली. 2012 मध्ये स्थानिकांना मज्जाव करणारी दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जाऊन खेळण्यास बंदी अंमलात आली. एकवीस वर्षांखालील व्यक्तीलाही तेथे प्रवेश नाही. गोव्यात राहणाऱ्या कर्मचाऱ्याला स्थानिक म्हणूनच दार बंद आहे. सावंतवाडीहून किंवा कुडाळहून गेलेला एकवीस वर्षांवरील पर्यटक मात्र परवानाधारक बोटीवर खेळला, तर तो गोव्याच्या कायद्याखाली गुन्हा करत नाही. म्हणून आपल्या ज्ञापनात ‘बेकायदेशीर जुगार’ असे शब्द असतील तर ते वस्तुस्थितीला धरून नाहीत आणि खुलाशात हे नम्रपणे पण निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले पाहिजे. आपल्याच गावातल्या शेडमध्ये तीन पत्ती खेळताना धाड पडली असती तर मी हे वाक्य लिहू शकलो नसतो. तेव्हा अटक, कार्यालयाला ती कळवण्याची जबाबदारी, अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक कोठडी झाल्यास मानीव निलंबन (कोठडीच्या दिवसापासून कर्मचारी निलंबित झाला असे धरणे) आणि शिक्षा झाल्यास संविधानाच्या अनुच्छेद 311 नुसार पूर्ण चौकशीशिवायही होऊ शकणारी कारवाई, अशी वेगळीच साखळी सुरू झाली असती.

आता अवघड भागाकडे येतो. नियमात शब्द नाही, गुन्हाही नाही, मग प्रकरण संपले का? नाही. वर्तणूक नियमांतील नियम 3 प्रत्येक कर्मचाऱ्याकडून तीन गोष्टी मागतो: नितांत सचोटी, कर्तव्यपरायणता आणि शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय ठरेल असे काहीही न करणे. यातला तिसरा भाग इतका रुंद आहे की त्यात काय बसत नाही हे सांगणेच कठीण. कार्यालयाबाहेरचे, सुटीतले, खासगी पैशाने केलेले वर्तनही त्यात येऊ शकते का, यावर सर्वोच्च न्यायालयाने एस. गोविंद मेनन यांच्या 1967 च्या प्रकरणात भाष्य केले आहे. गैरवर्तन प्रत्यक्ष नोकरीचे काम करतानाच घडले पाहिजे असे नाही. त्या कृत्याने कर्मचाऱ्याच्या सचोटीवर, प्रामाणिकपणावर किंवा कर्तव्यनिष्ठेवर सावली पडत असेल तर कारवाई होऊ शकते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. त्या निर्णयात ज्या जुन्या इंग्लिश खटल्याचा आधार घेतला आहे तो 1886 चा पिअर्स विरुद्ध फॉस्टर हा खटला आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. त्यातला नोकर व्यापारी पेढीचा विश्वासातला कारकून होता आणि तो शेअर बाजारात स्वतःच्या नावावर प्रचंड रकमांचा सट्टा खेळत होता. पेढीचा एक पैसाही त्याने घेतला नव्हता, तरी त्याला काढून टाकणे योग्य ठरले, कारण एवढ्या मोठ्या सट्ट्यात गुंतलेल्या माणसावर त्या जागी विश्वास ठेवता येत नाही. लेखा शाखेतल्या माणसाने हा खटला लक्षात ठेवावा.

याच्या दुसऱ्या बाजूला 1984 चा ए. एल. कालरा यांचा निर्णय आहे. एका सार्वजनिक उपक्रमातील या कर्मचाऱ्यावर घरासाठी आणि वाहनासाठी घेतलेल्या अग्रिमांच्या संदर्भात ‘सचोटीचा अभाव’ आणि ‘अशोभनीय वर्तन’ असे ठपके ठेवून त्याला काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. उच्च नैतिक अपेक्षा व्यक्त करणारा सर्वसाधारण नियम आणि गैरवर्तनांची निश्चित यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमके कोणते कृत्य गैरवर्तन ठरते हे आधी सांगितलेले नसेल तर मागाहून कुठल्याही कृतीला ते नाव चिकटवता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. तो निर्णय त्या उपक्रमाच्या नियमांवर दिलेला आहे, तो जसाच्या तसा शासकीय नियमांना लागू होतो असा दावा करू नये. पण ‘अशोभनीय’ या एकाच विशेषणावर उभे असलेले दोषारोप किती डळमळीत असते हे दाखवायला तो पुरेसा आहे.

माझा अनुभव असा, की नुसते ‘कॅसिनोत गेला’ एवढ्यावर उभे राहिलेले दोषारोप चौकशीत टिकत नाही. टिकतात ती त्याला जोडलेली दोषारोपे, आणि तीच माणसाला बुडवतात. दोषारोपपत्राच्या पहिल्या जोडपत्रात कॅसिनोचे नाव असते, तिसऱ्या जोडपत्रातल्या कागदांच्या यादीत मात्र हजेरीपट, रजेचा अर्ज, रोखवही, पतसंस्थेचा कर्जउतारा आणि बँकेचे विवरण असते. चौकशी या कागदांवर चालते.

सर्वात आधी हजेरीपट. आपण शनिवार-रविवारी गेला होता, हे आपल्या बाजूचे आहे. पण शुक्रवारी दुपारीच निघाला होता का? सोमवारी उशिरा आला का? सुटीतही मुख्यालय सोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, हे बहुतेक कर्मचारी विसरतात आणि बहुतेक कार्यालयप्रमुख वेळ आली की आठवतात. वैद्यकीय कारण देऊन रजा घेतलेला माणूस त्याच दिवशीच्या छायाचित्रात पत्त्यांच्या टेबलाशी दिसला, तर कॅसिनो बाजूला राहतो आणि खोट्या कारणाने रजा घेतल्याचा आरोप उभा राहतो, ज्याला फारसा बचाव नसतो.

दुसरा कागद पाहुणचाराचा. बोटीवरचा खर्च कोणी केला? प्रवेशशुल्क, जेवण, राहण्याची खोली, मिळालेल्या चिप्स यांतले काही एखाद्या ठेकेदाराने, पुरवठादाराने किंवा ज्याची देयके आपल्या टेबलावरून जातात अशा व्यक्तीने दिले असेल, तर प्रकरण एका क्षणात वेगळे होते. भेटवस्तूंच्या नियमात विनामूल्य प्रवास, निवास, भोजन आणि इतर आर्थिक लाभ यांचाही समावेश आहे. जुगाराच्या टेबलावर ठेकेदाराने सरकवलेल्या चिप्स ही लाच देण्याची फार सोयीची पद्धत आहे: रोकड हातात येत नाही, आणि नंतर ‘जिंकले’ असे म्हणता येते. म्हणून चौकशी अधिकारी असताना मी सर्वात आधी सहलीतल्या प्रत्येक सहप्रवाशाचा व्यवसाय विचारत असे. आपणही खुलासा लिहिण्यापूर्वी ही यादी स्वतःशी करावी.

तिसरा कागद कर्जाचा, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते. वर्तणूक नियम कर्मचाऱ्याला आपले खासगी व्यवहार असे ठेवायला सांगतात की सवयीचा कर्जबाजारीपणा येऊ नये. मी बचाव सहायक म्हणून काम केलेल्या एका प्रकरणात एक रोखपाल होता. कार्यालयाचे आणि गावाचे नाव मी सांगत नाही. तो सुरुवातीला वर्षातून एकदा मित्रांबरोबर जाई. मग महिन्यातून एकदा एकटा जाऊ लागला. पतसंस्थेचे कर्ज झाले, भविष्य निर्वाह निधीतून मुलीच्या शिक्षणाचे कारण दाखवून रक्कम काढली गेली, सहकाऱ्यांकडून उसनवारी झाली. कार्यालयात सगळ्यांना हे माहीत होते. कोणीही लेखी काही कळवले नाही, त्याचे टेबल कोणी बदलले नाही. एके दिवशी जमा झालेली शासकीय रक्कम बँकेत भरायला चार दिवसांचा उशीर झाला. पुढच्या वेळी अकरा दिवसांचा. त्याने ती रक्कम परत भरली होती, आणि शेवटपर्यंत त्याचा समज असा होता की पैसे परत केल्यावर अपहार उरत नाही. तात्पुरता अपहार हाही अपहारच असतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये लोकसेवकाने केलेल्या विश्वासघातासाठी आजन्म कारावासापर्यंतची शिक्षा आहे. त्याला बडतर्फ केले गेले. तो निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. पण कोणी पहिल्या कर्जाच्या वेळीच त्याला रोखशाखेतून हलवले असते, समुपदेशनाला पाठवले असते, तर ते कुटुंब रस्त्यावर आले नसते, हे मला आजही टोचते.

चौथा मुद्दा जिंकणाऱ्यांचा आहे. जिंकलेल्या रकमेवर आयकर 30 टक्के दराने लागतो, अधिभार आणि उपकर वेगळा, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. नियम 19 नुसार मत्ता आणि दायित्वांचे विवरण द्यावे लागते; जिंकलेल्या पैशातून वाहन किंवा सोने घेतले तर तो स्रोत तेथे दिसला पाहिजे. केंद्रीय कर्मचाऱ्याला दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा अधिक किमतीच्या जंगम मालमत्तेचा व्यवहार महिन्याच्या आत कळवावा लागतो. अपसंपदेच्या, म्हणजे ज्ञात उत्पन्नापेक्षा अधिक मालमत्ता सापडल्याच्या, प्रकरणांत ‘हे पैसे मी कॅसिनोत जिंकले’ असा बचाव वारंवार घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो कोसळतो, कारण उत्पन्नाचा स्रोत कायदेशीर आहे हे सांगून भागत नाही, ते कागदाने दाखवावे लागते. कॅसिनो हे काळा पैसा पांढरा करण्यास प्रतिबंध करणाऱ्या (मनी लाँडरिंगविरोधी) कायद्याखाली नोंदी ठेवण्यास बांधील आहेत आणि प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र घेतले जाते. त्यामुळे खरोखर जिंकलेल्या माणसाकडे पुरावा असू शकतो, तसाच रोज हरणाऱ्याविरुद्धही तो असू शकतो.

मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी एक वाक्य लिहितो. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख असे खेळ पुरवणाऱ्यांवर आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण कार्यालयीन वेळेत फोनवर असा खेळ खेळताना सापडलेल्या कर्मचाऱ्याला कर्तव्यपरायणतेच्या नियमापासून हा कायदा वाचवणार नाही.

इतर देशांनी हा विषय असा मोघम ठेवलेला नाही. फिलिपिन्समध्ये 1983 च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश क्रमांक 1869 मध्येच शासनाच्या कामाशी थेट संबंध असलेले अधिकारी आणि सशस्त्र दलांचे सदस्य यांना कॅसिनोत खेळण्यास मनाई लिहिलेली आहे, आणि 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने परिपत्रक काढून तिची पुन्हा आठवण करून दिली. मकावची अर्थव्यवस्थाच जुगारावर चालते, तरी तेथील सरकारी सेवकांना खेळाच्या दालनात प्रवेश नाही. चांद्र नववर्षाचे पहिले तीन दिवस तेवढा अपवाद. सिंगापूरने तिसरी वाट धरली. तेथे भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेतल्याच एका अधिकाऱ्याने सतरा लाखांहून अधिक सिंगापूर डॉलरचा अपहार करून त्यातला मोठा भाग कॅसिनोत उडवल्याचे 2013 मध्ये उघड झाले, तेव्हा सरकारने नियम केला की जो सरकारी कर्मचारी महिन्यात चारपेक्षा अधिक वेळा देशातील कॅसिनोत जाईल किंवा वार्षिक प्रवेशपास घेईल, त्याने सात दिवसांत ते वरिष्ठांना कळवावे.

मला सिंगापूरची वाट महाराष्ट्राला सर्वात योग्य वाटते. सरसकट बंदी घातली तर सहलीत एकदा कुतूहलाने बोटीवर गेलेली शिक्षिका आणि दर आठवड्याला कर्ज काढून जाणारा रोखपाल एकाच पंक्तीत बसतात, आणि बंदी मोडणारा लपून जाऊ लागतो. काहीच न लिहिता ‘अशोभनीय’ या शब्दावर भिस्त ठेवली, तर नियम कोणाला लावायचा हे कार्यालयप्रमुखाच्या मर्जीवर राहते. एकाच सहलीतल्या दोघांपैकी ज्याचे साहेबांशी पटत नाही त्यालाच ज्ञापन मिळाल्याचे मी पाहिले आहे. रोख हाताळणाऱ्या, देयके मंजूर करणाऱ्या, निविदा काढणाऱ्या पदांना कळवण्याचे बंधन घालणारे एक पानाचे परिपत्रक निघाले, तर वारंवारता आणि पद या दोन खऱ्या धोक्यांवर बोट ठेवता येईल आणि ज्याला सवय लागत आहे त्याचे टेबल वेळीच बदलता येईल.

आता आपल्या खुलाशाविषयी. गेलोच नव्हतो, छायाचित्र दुसऱ्याचे आहे, बोटीवर फक्त जेवायला गेलो होतो, अशी वाक्ये खरी नसतील तर चुकूनही लिहू नयेत. मूळ आरोपातून सुटलेले लोक खुलाशातल्या खोट्या विधानावर अडकलेले मी पाहिले आहेत. कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, कोणाबरोबर गेलात, सुटी होती की रजा, मुख्यालय सोडण्याची परवानगी घेतली होती की नाही, हे क्रमाने लिहावे. परवानगी घेतली नसेल तर ती त्रुटी सरळ मान्य करून दिलगिरी व्यक्त करावी. तेवढ्यासाठी बहुधा समज किंवा ताकीद यापलीकडे प्रकरण जात नाही. खर्च स्वतःच्या पैशातून केल्याचे लिहून बँकेच्या विवरणाचा तेवढाच उतारा जोडावा आणि सोबतच्या कोणाशीही कार्यालयीन व्यवहार नाही, हे खरे असेल तरच नमूद करावे. त्यानंतर, सदर ठिकाण गोवा शासनाचे परवानाधारक आहे, वर्तणूक नियमांत अशा ठिकाणी जाण्यास मनाई करणारी तरतूद नाही आणि ज्ञापनात नियम 3 चा भंग नेमक्या कोणत्या कृतीने झाला हे नमूद नाही, एवढे तीन मुद्दे संयत शब्दांत मांडावेत. न्यायनिर्णयांची जंत्री खुलाशात देऊ नये. ती दोषारोपपत्र निघालेच तर उपयोगी पडेल. ‘माझ्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करण्याचा अधिकार कोणाला नाही’ हे वाक्यही टाळावे, कारण गोविंद मेनन यांच्या निर्णयानंतर ते कायद्याने पूर्णपणे खरे राहिलेले नाही आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ते उद्धट वाटेल.

आपण लेखा शाखेत आहात. मागच्या वर्षभरात आपण किती वेळा गेलात हे ज्ञापनात विचारलेले नाही, म्हणून खुलाशात ते लिहिण्याचे कारण नाही. पण उत्तर ‘एकदा’ याहून वेगळे असेल, किंवा त्यासाठी पतसंस्थेचे किंवा सहकाऱ्याचे पैसे घ्यावे लागले असतील, तर खुलासा देऊन झाल्यावर रोखीचा संबंध नसलेले टेबल मिळावे असा अर्ज आपणहून करावा, आणि घरात एका माणसाला तरी खरी रक्कम सांगावी.